मेडिकलमधल्या गोळ्या साहेबांनी विकत का नेल्या?

प्रश्न : मी तलासरी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिकवते. मागच्या महिन्यात रक्तदाबाच्या गोळ्या आणायला नाक्यावरच्या मेडिकलमध्ये गेले, तर काउंटरच्या आत दोन अनोळखी माणसं उभी. एक जण फ्रिज उघडून आत बघत होता, दुसरा बिलांची फाईल चाळत होता. मग त्यांनी एका गोळीच्या बऱ्याच पट्ट्या काढायला लावल्या, त्यांचे पैसे दिले, चार पाकिटं केली आणि लाखेचं सील लावलं. दुकानदाराचा चेहरा उतरलेला. बाहेरचे लोक म्हणाले, ‘धाड पडलीय.’ धाड असेल तर पैसे कशाला दिले? मी रोज घेते ती गोळी त्याच कंपनीची आहे. ती घ्यायची की नाही? हे लोक किती वेळा येतात आणि नेमकं काय बघतात? आमच्या पाड्यावरचा किराणावालाही गोळ्या विकतो, त्याला कोण विचारतं?
– एक शिक्षिका, ता. तलासरी, जि. पालघर

उत्तर : ताई, सगळ्यात आधी तुमच्या गोळीचं. ती चालू ठेवा. रक्तदाबाची गोळी आपल्या मनानं बंद करणं फार धोक्याचं. निरीक्षकानं एखाद्या औषधाचा नमुना नेला म्हणजे ते औषध खराब निघालं असं नव्हे; ते तपासायला गेलं, इतकंच. कधी तक्रार आलेली असते, कधी ते औषध खूप खपतं म्हणून नेतात, कधी तो नेहमीच्या कामाचाच भाग असतो. मनातून शंका जातच नसेल तर डॉक्टरांना सांगून तेच औषध दुसऱ्या कंपनीचं लिहून घ्या, पण मध्ये खंड पडू देऊ नका.

तुम्ही पाहिलीत ती माणसं अन्न व औषध प्रशासनाची असणार. त्यांतला सही-शिक्क्याचा अधिकार असलेला तो औषध निरीक्षक. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० या कायद्यानं त्याला कोणत्याही रास्त वेळी दुकानात जाऊन तपासणी करायचा, कागद बघायचा आणि नमुना घ्यायचा अधिकार दिला आहे. त्याच कायद्यानं त्याचे हातही बांधले आहेत. नमुना घेतला तर त्याची रास्त किंमत त्यानं देऊ केलीच पाहिजे. दुकानदारानं ती नाकारली तर पावती दिली पाहिजे. नमुना कशासाठी नेतोय हे लेखी कळवलं पाहिजे. म्हणून तुम्हाला पैसे दिलेले दिसले. ती खरेदी नव्हती आणि मेहेरबानीही नव्हती, ती कायद्यातली पायरी होती.

चार पाकिटांचं कारण तर फारच विचारपूर्वक ठरवलेलं आहे. एक पाकीट दुकानदाराकडेच राहतं. दुसरं सरकारी विश्लेषकाकडे, म्हणजे प्रशासनाच्या प्रयोगशाळेत जातं. तिसरं कोर्टासाठी राखून ठेवतात. चौथं, दुकानदारानं तो माल ज्याच्याकडून घेतला असं सांगितलं असेल त्याला पाठवतात. सील सगळ्यांसमोर लागतं आणि दुकानदाराला हवं तर तो स्वतःचाही शिक्का त्यावर मारू शकतो. उद्या अहवाल विरुद्ध गेला आणि कुणी म्हणालं की पाकिटातला माल बदलला, तर बाकीची पाकिटं आहेतच. दुकानदाराला अहवाल मान्य नसेल तर प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांत तसं लेखी कळवता येतं; मग कोर्टाकडचं पाकीट कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेत जाऊ शकतं आणि तिथला निकाल अखेरचा. चूक नसलेला दुकानदार यात भरडला जाऊ नये याचीही काळजी कायद्यानं घेतली आहे. परवानाधारक ठोक विक्रेत्याकडून रीतसर माल घेतला, तो दोषी आहे हे माहीत नव्हतं आणि माहीत होण्यासारखंही नव्हतं, आणि माल नीट साठवला, एवढं त्याला दाखवता आलं तर दोषी औषधाचं खापर त्याच्या डोक्यावर फुटत नाही. मात्र हे दाखवायचं कशावर? खरेदीच्या बिलावर. दुसरा माणूस बिलांच्या फाईलमध्ये डोकं घालून बसला होता तो उगाच नाही.

या बिलाकडे मी पुन्हा येणार आहे, कारण डहाणू आणि तलासरीत तपासणीचं सगळं घोडं तिथेच अडतं.

त्याआधी, एवढा खटाटोप का, ते सांगायला हवं. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल होतं. हे कारखान्यात वापरायचं रसायन आहे, गोडसर, पातळ, दिसायला ग्लिसरॉलसारखंच. पोटात गेलं की मूत्रपिंडं निकामी करतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं चौकशी केली आणि रुग्णालयाच्या खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंत सगळीकडच्या ढिलाईवर बोट ठेवलं. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात ‘कोल्ड्रिफ’ नावाचं खोकल्याचं सिरप घेतलेली वीसहून अधिक लहान मुलं गेली. तपासलेल्या बॅचमध्ये तेच रसायन निघालं, ४८.६ टक्के. ०.१ टक्क्याच्या वर जे असता कामा नये, ते बाटलीत जवळजवळ निम्मं. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानंही तेव्हा एसआर-१३ या बॅचची विक्री आणि वापर ताबडतोब थांबवायची सूचना काढली.

आता ही सूचना कासा, सायवन किंवा उधव्याच्या दुकानापर्यंत पोचली असं समजा. दुकानदार फळीवर बघेल, त्या बॅचच्या बाटल्या असल्या तर बाजूला काढेल. पण आठ दिवसांपूर्वी विकलेल्या बाटल्यांचं काय? त्या कोणत्या पाड्यावर, कोणाच्या घरी गेल्या? बिल फाडलेलं असेल, त्यावर नाव आणि बॅच नंबर असेल, तर निरोप धाडता येतो. बिलच नसेल तर त्या घरचं मूल रात्री तेच सिरप पुन्हा घेतं. औषधांची तपासणी म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी प्रयोगशाळेच्या आधी ही गोष्ट सांगते.

निरीक्षक दुकानात शिरल्यावर काय बघतो, ते आता सांगते. परवाना दर्शनी भागात लावलेला आहे का? किरकोळ विक्रीसाठी बहुतेक दुकानांकडे नमुना २० आणि नमुना २१ असे दोन परवाने असतात. जागा निदान १० चौरस मीटर आहे का? कोरडी, स्वच्छ आहे का? मुदत संपलेला माल विक्रीच्या मालापासून वेगळा, ‘विक्रीसाठी नाही’ असं लिहिलेल्या खोक्यात ठेवलाय का? डॉक्टरांना फुकट द्यायचे नमुने किंवा सरकारी पुरवठ्याची औषधं फळीवर आली आहेत का? ही शेवटची गोष्ट आपल्याकडे तर डोळ्यांत तेल घालून बघावी अशी आहे, कारण डहाणू आणि तलासरी हे दोन्ही पूर्ण अनुसूचित क्षेत्रातले तालुके. डहाणू आणि कासा इथली उपजिल्हा रुग्णालयं, तलासरीचं ग्रामीण रुग्णालय, शिवाय प्राथमिक आरोग्य केंद्रं, यांच्यासाठी आलेलं औषध गरिबाला फुकट मिळायचं असतं. तसा छाप असलेली पट्टी खासगी दुकानात विकायला ठेवणं हाच गुन्हा आहे.

मग फ्रिज. त्यात काय एवढं बघायचं, असं तुम्हाला वाटलं असेल. इन्सुलिन, धनुर्वाताची लस, रेबीजची लस ही २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागतात. आत तापमापी आहे का, ती किती दाखवते, हे निरीक्षक आधी बघतो. मग वरच्या बर्फाच्या कप्प्याकडे. इन्सुलिनची खोकी बर्फाला चिकटून ठेवलेली सापडली तर ते इन्सुलिन गेलं, कारण गोठलेलं इन्सुलिन नंतर वितळलं तरी भरवशाचं राहत नाही. धनुर्वाताच्या लशीचंही तेच. दिसायला बाटली तशीच, किंमत तीच, मुदतही शिल्लक. रुग्णाला सुई टोचली जाते, फायदा मात्र होत नाही. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते तेव्हा फ्रिजचं काय करता, इन्व्हर्टर आहे का, हे विचारल्याशिवाय चांगला निरीक्षक पुढे सरकत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या छपराखाली दुकान किती तापतं, तेही तो बघतो. साध्या गोळीच्या पट्टीवरही ‘३० अंशांखाली ठेवा’ असं छापलेलं असतं, आणि घोलवड-बोर्डीच्या किनाऱ्याला दमट हवा वर्षभर गोळ्यांच्या उरावर बसलेली असते.

फ्रिजनंतर माणूस. फार्मासिस्ट कुठे आहे? नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीशिवाय चिठ्ठीवरचं औषध देता येत नाही. २०१५ च्या औषध व्यवसाय विनियमांनुसार त्यानं पांढरा कोट घालायचा आणि त्यावर नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला लावायचा. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी भिंतीवर प्रमाणपत्र असतं आणि त्यावरचा माणूस भलत्याच गावी नोकरीला असतो. प्रमाणपत्र भाड्यानं देण्याचा हा धंदा सगळ्या राज्यात माहीत आहे. २०११ ते २०१४ या काळात महेश झगडे प्रशासनाचे आयुक्त असताना फार्मासिस्ट हजर नसलेल्या आणि चिठ्ठी-बिलाविना विकणाऱ्या दुकानांवर राज्यभर कारवाई झाली, आणि औषध विक्रेत्यांनी त्याविरुद्ध बंदही पाळले. विक्रेत्यांचं म्हणणं होतं की खेड्यात फार्मासिस्ट मिळत नाहीत. त्यात तथ्य होतं. तरीही माझं मत झगडे यांच्या बाजूचं आहे, आणि आपल्या तालुक्यांकडे बघून ते अधिकच पक्कं होतं.

कारण सांगते. वारली, कोकणा, दुबळा, धोडी या इथल्या समाजांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. सिकलसेलच्या माणसाला अंगदुखीचे असह्य झटके येतात. तो मेडिकलमध्ये येऊन ‘दुखण्याची कडक गोळी द्या’ म्हणतो. काउंटरवरचा पोरगा डायक्लोफेनॅकची पट्टी कापून देतो. महिन्यातून चार वेळा असं झालं तर त्या माणसाची आधीच नाजूक असलेली मूत्रपिंडं आणखी बिघडू शकतात. फार्मासिस्टला हे शिकवलेलं असतं. ‘तुम्हाला सिकलसेलचं कार्ड दिलंय का?’ हा एक प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. जी-६-पी-डी या विकराची कमतरता आदिवासी समाजांत आढळते, आणि अशा माणसानं मलेरियासाठीची प्रायमाक्विन घेतली तर रक्तपेशी फुटतात. डहाणू-तलासरीच्या दुकानात फार्मासिस्ट असणं हा कागदी नियम नाही. माझी तर इच्छा आहे की बारावी विज्ञान झालेल्या आपल्या आश्रमशाळांतल्या मुला-मुलींनी औषधनिर्माण पदविका घ्यावी आणि याच नाक्यांवर बसावं. तुम्ही शिक्षिका आहात, तुमच्या वर्गात हे जरूर सांगा. पदविका दोन वर्षांची आणि वर तीन महिन्यांचं प्रशिक्षण. रुग्णाशी त्याच्याच बोलीत बोलणारा फार्मासिस्ट बाहेरून आणता येत नाही.

आता वह्या. १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू झाली. त्यात सुरुवातीला ४६ औषधं होती : वरच्या पिढीतली प्रतिजैविकं, क्षयरोगाची औषधं, आणि अल्प्राझोलाम, ट्रामाडॉलसारखी सवय लावणारी औषधं. पट्टीवर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो, बघा. ही औषधं विकली की वेगळ्या वहीत डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं, हे लिहायचं आणि वही तीन वर्षं जपायची. निरीक्षक काय करतो? खरेदीच्या बिलांवरून समजा अल्प्राझोलामच्या दोनशे पट्ट्या आल्या, वहीत साठ पट्ट्यांची विक्री दिसते, फळीवर वीस आहेत. मग उरलेल्या एकशे वीस गेल्या कुठे? दुकानदाराचा चेहरा उतरतो तो बहुतेक वेळा या बेरजेला. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतलेत, पण रीत हीच.

क्षयरोगाच्या औषधांसाठी तर ही वही दुहेरी कामाची आहे. मार्च २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार क्षयाचं औषध विकणाऱ्या दुकानदारानं त्या रुग्णाची माहिती आरोग्य यंत्रणेला कळवायची असते. कारण सरकारी उपचार फुकट आहेत, पोषणासाठी पैसेही मिळतात, आणि तरीही एखादा मजूर वीटभट्टीवर किंवा वापीच्या कारखान्यात कामाला जाताना खासगी दुकानातून पंधरा दिवसांची औषधं घेतो, बरं वाटलं की सोडतो. त्याचा क्षय औषधांना दाद देईनासा होतो आणि तो घरी चार जणांना देतो. वहीतलं एक नाव आरोग्यसेविकेपर्यंत पोचलं तर हे थांबतं.

चिठ्ठीबद्दलही थोडं. चिठ्ठीवर डॉक्टरची सही, तारीख, रुग्णाचं नाव-पत्ता, मात्रा हे सगळं हवं. औषध दिल्यावर दुकानदारानं त्यावर दुकानाचं नाव-पत्ता आणि तारीख टाकायची असते. पुन्हा द्यावं असं डॉक्टरनं लिहिलं नसेल तर त्याच चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध मिळत नाही. रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांनी ‘तीन महिने चालू’ असं डॉक्टरकडून लिहूनच घ्यावं.

आता तुमच्या पाड्यावरच्या किराणावाल्याकडे. तो सरसकट गुन्हेगार नाही. औषध नियमांच्या अनुसूची ‘के’मध्ये एक सवलत आहे. ज्या गावाची लोकसंख्या हजाराच्या आत आहे तिथे पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन, डोकेदुखीचा बाम, आम्लपित्ताची औषधं, ग्राइप वॉटर अशी काही घरगुती औषधं परवान्याशिवाय विकता येतात. माल परवानाधारकाकडूनच घेतलेला हवा, मुदत संपलेली नसावी आणि त्यात चिठ्ठीवरचं कोणतंही औषध नसावं. मला ही सवलत शहाणपणाची वाटते. रात्री ताप चढलेल्या मुलाला घेऊन जंगलातल्या पाड्यावरून तलासरी गाठायची म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. पण त्याच किराणावाल्यानं अमॉक्सिसिलिन, डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड किंवा सलाइनची बाटली ठेवली तर तो परवान्याशिवाय विक्रीचा गुन्हा आहे, आणि त्याला तीन ते पाच वर्षांची कैद आहे. तिथे त्याला विचारणारा तोच औषध निरीक्षक. आशाताईच्या पेटीतल्या गोळ्यांना सरकारी कार्यक्रमाखाली सूट आहे, त्यांची काळजी नको.

डॉक्टरच्या पुडीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आपल्याकडे बाजाराच्या दिवशी निम्मी औषधं पुडीतूनच जातात. डॉक्टर स्वतःच्या रुग्णाला स्वतः औषध देऊ शकतो, त्याला परवाना लागत नाही. मात्र त्यानं उघडं दुकान मांडता कामा नये. औषधं परवानाधारकाकडूनच घ्यायची, खरेदीची नोंद ठेवायची आणि निरीक्षकाला मागितल्यावर दाखवायची. चिठ्ठीवरच्या वर्गातली औषधं दिली तर पाकिटावर डॉक्टरचं नाव-पत्ता आणि वहीत रुग्णाची नोंद हवी. रंगीबेरंगी सुट्या गोळ्या वर्तमानपत्राच्या कागदात बांधून, नाव न सांगता दिल्या तर त्या घेऊ नका. त्यात स्टिरॉइड असेल तर दोन दिवसांत अंगदुखी जाते, भूक लागते आणि रुग्ण त्या डॉक्टरचं नाव गावभर करतो. हाडं ठिसूळ व्हायला आणि साखर वाढायला वेळ लागतो, तोवर पुडी कोणी दिली हेही कुणाला आठवत नाही. समोरचा माणूस डॉक्टरच नाही अशी शंका असेल तर ती तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे करायची.

किती वेळा येतात, हा तुमचा प्रश्न. नियम ५१ सांगतो की निरीक्षकानं आपल्या हद्दीतलं प्रत्येक विक्रीचं दुकान वर्षातून निदान एकदा तपासावं. २००३ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीनं म्हटलं होतं की दर २०० दुकानांमागे एक निरीक्षक हवा. आपल्याकडची दुकानं नजरेसमोर आणा : डहाणू रोड स्टेशनचा बाजार, चिंचणी, वाणगाव, घोलवड, बोर्डी, चारोटी नाका, कासा, धुंदलवाडी, महामार्गावरची तलासरी, अच्छाड, आतलं उधवा. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झालेला हा जिल्हा एका टोकाला वसईच्या गर्दीला आणि दुसऱ्या टोकाला मोखाड्याच्या डोंगराला भिडतो. वसईत एका गल्लीत तपासून होतील तेवढ्या दुकानांना इथे आख्खा दिवस जातो. निरीक्षकांची पदं भरणं, त्यांना गाडी देणं हे शासनाचं काम आहे आणि ते व्हायलाच हवं. पण पदं भरली तरी वर्षातले बाकीचे दिवस दुकानात निरीक्षक नसणारच. त्या दिवसांचा हिशेब त्याला फक्त कागद सांगतात, आणि त्या कागदांतला अर्धा भाग, म्हणजे विक्रीची बिलं, तुम्ही-आम्ही मागितल्याशिवाय तयार होत नाही. ‘बिल राहू दे’ म्हणून आपण निघतो तेव्हा त्या विक्रीचा माग तिथेच तुटतो.

तेव्हा बिल मागा. त्यावर औषधाचं नाव, बॅच नंबर, मुदत आणि फार्मासिस्टची सही बघा. चार गोळ्याच हव्या असतील तर पट्टीचं बॅच आणि मुदत छापलेलं टोक दुकानदाराकडे राहतं, ते मोबाइलवर टिपून घ्या. ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड आला आहे, तो मोबाइलनं वाचता येतो.

तपासणीत दोष सापडले की पुढे काय, हेही लोक विचारतात. प्रत्येक दुकानात नमुना ३५ ची तपासणी वही ठेवावी लागते; निरीक्षक त्यात काय दिसलं ते लिहितो. शंकास्पद माल २० दिवसांपर्यंत विकू नका असा लेखी आदेश तो देऊ शकतो, जप्तही करू शकतो. परवाना निलंबित किंवा रद्द करायचा अधिकार सहायक आयुक्तांचा. त्याआधी कारणे दाखवा नोटीस देऊन दुकानदाराचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि आदेशाविरुद्ध तीन महिन्यांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. त्यामुळे तपासणीनंतर दुसऱ्या दिवशी दुकान उघडं दिसलं म्हणून ‘मिटवलं असेल’ असं लगेच धरून चालू नका.

तुम्हाला स्वतःला एखाद्या औषधाची शंका आली तर कायद्याचं कलम २६ तुमच्यासाठी आहे. कोणीही नागरिक किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संस्था ठरलेली फी भरून औषध सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकते आणि सहीचा अहवाल मिळवू शकते. याचा उपयोग फार थोडे लोक करतात. नुसती तक्रार करायची असेल तर प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. औषधाचं नाव, बॅच, दुकान आणि तारीख हाताशी ठेवून फोन करा.

एक गोष्ट सीमेची. झाईचा माणूस उंबरगावला, उधव्याचा खानवेल-सिल्वासाला आणि तलासरीचा वापीला दवाखान्यात जातो आणि तिथल्याच मेडिकलमधून औषध आणतो. महाराष्ट्राचा निरीक्षक त्या दुकानात पाऊल ठेवू शकत नाही. उंबरगाव-वापीच्या दुकानाची तक्रार गुजरातच्या अन्न व औषध नियंत्रण प्रशासनाकडे आणि सिल्वासाची दादरा-नगर हवेली व दमण-दीवच्या प्रशासनाकडे करावी लागते. कायदा मात्र तिन्हीकडे १९४० चाच, त्यामुळे बिल तिथेही मागायचं, आणि घरी आल्यावर ते पट्टीबरोबर एकाच पिशवीत ठेवायचं.